डिस्कॉग्ज : किंमत बघण्याआधी श्रेयनामावली वाचा

तबकड्यांचा नाद असलेल्या माणसाच्या फोनमध्ये डिस्कॉग्ज हे रेकॉर्डच्या नोंदींचे आणि खरेदी-विक्रीचे संकेतस्थळ नाही, असे आता क्वचितच आढळते. मात्र बहुतेक जण त्याचा उपयोग एवढाच करतात की हाती आलेली रेकॉर्ड कितीला विकली जाते ते पाहावे, मनाशी हिशेब मांडावा आणि फोन पुन्हा खिशात टाकावा. माझ्या मते हा या संकेतस्थळाचा सर्वांत उथळ उपयोग आहे. रेकॉर्ड शोधण्याच्या आणि त्या शोधातून अनोळखी संगीतापर्यंत पोहोचण्याच्या कामी इतके मोठे आणि इतक्या कसोशीने उभे राहिलेले दुसरे साधन माझ्या पाहण्यात नाही. पण तिथे जाणारी वाट किमतीच्या रकान्यातून निघत नाही, ती नोंदीच्या खालच्या भागात, वादक, ध्वनिमुद्रक आणि तबकडी कोरणारे तंत्रज्ञ यांच्या नावांमधून निघते. सूची, बाजारपेठ आणि मूल्यमापन अशी तीन कामे डिस्कॉग्ज एकाच वेळी करते. यांपैकी पहिले काम ते उत्तम करते, दुसरे समाधानकारक करते आणि तिसऱ्यामुळे शोधाच्या आनंदाचे नुकसान होते, असे माझे मत आहे.

केविन लेवांडोव्स्की या अमेरिकी प्रोग्रामरने नोव्हेंबर 2000 मध्ये डिस्कॉग्ज सुरू केले, तेव्हा तिथे फक्त इलेक्ट्रॉनिक संगीताच्या नोंदी घेतल्या जात. त्या संगीतात एकच निर्माता चार-पाच टोपणनावांनी काम करतो, आणि पुष्कळ बारा इंची तबकड्यांवर लेबलच्या, म्हणजे ती काढणाऱ्या कंपनीच्या, नावाखेरीज काहीच छापलेले नसते. त्यामुळे कोणी काय केले हे लिहून ठेवण्याची निकड तिथे सर्वाधिक होती. पुढे हिपहॉप, जॅझ, रॉक असे एकेक दालन उघडत गेले, परंतु मूळची ती शिस्त टिकली. नोंदी करणारे बहुतांशी हौशी संग्राहक आहेत. नोंद करायची तर ती तबकडी प्रत्यक्ष हातात असली पाहिजे, ऐकीव किंवा इतरत्र वाचलेली माहिती चालत नाही, हा नियम मला फार मोलाचा वाटतो. एकाने केलेली नोंद दुसरे तपासतात, तिच्या अचूकतेवर मत देतात, गरज पडली तर दुरुस्त करतात. शिवाय या नोंदींचा संपूर्ण साठा कोणालाही वापरता यावा म्हणून दर महिन्याला खुला केला जातो, आणि ज्या हजारो माणसांनी विनामोबदला हे काम केले त्यांच्याशी हे वागणे न्यायाचे आहे.

नव्या माणसाला पहिल्यांदा गोंधळात टाकणारी गोष्ट म्हणजे एकाच अल्बमच्या शेकडो नोंदी. प्रत्येक देशातील, प्रत्येक वर्षाची, प्रत्येक कारखान्यातील आवृत्ती येथे स्वतंत्र धरली जाते आणि त्या सगळ्या एका मुख्य नोंदीखाली एकत्र बांधल्या जातात. हा अतिरेक वाटतो खरा, पण त्यामागे तबकडी तयार होण्याची रीत आहे. ध्वनिफितीवरचे संगीत आधी लॅकर चढवलेल्या चकतीवर कोरले जाते, तिच्यावरून धातूचे साचे घेतले जातात, त्या साच्यांवरून आणखी साचे घेतले जातात आणि शेवटच्या साच्याने, म्हणजे स्टॅम्परने, प्लास्टिकचा गोळा दाबून आपल्या हातात येणारी रेकॉर्ड बनते. कोरणारा तंत्रज्ञ बदलला की खर्ज किती ठेवायचा, आवाज किती मोठा कोरायचा, दोन खाचांमध्ये किती अंतर सोडायचे हे निर्णय बदलतात. म्हणूनच तेच गाणे, तीच ध्वनिफीत, आणि तरी दोन आवृत्त्या कानाला वेगळ्या लागतात. कव्हर पाहून हा फरक कळत नाही. तो कळतो शेवटची खाच आणि मधोमध चिकटवलेले कागदी लेबल यांच्यामधल्या गुळगुळीत पट्टीवर.

ही पट्टी वाचायला शिकणे हा माझ्या दृष्टीने रेकॉर्ड शोधण्यातला सर्वांत रोमांचक भाग आहे. दिव्याखाली तबकडी थोडी तिरकी धरली आणि सावकाश फिरवली की काळ्या चकाकीत आकडे उमटू लागतात. काही यंत्राने ठोकलेले, सरळ आणि एकसारखे, तर काही टोकदार अवजाराने हाताने कोरलेले, क्वचित तिरपे, एखादे खोडून पुन्हा लिहिलेले. त्यातच कोरणाऱ्याच्या नावाची आद्याक्षरे असतात. अमेरिकी तंत्रज्ञ बॉब लडविग ‘आर एल’ अशी सही करीत. लेड झेपेलिनचा दुसरा अल्बम 1969 मध्ये आला, तेव्हा त्यांनी तो इतक्या जोरकसपणे कोरला होता की साध्या प्लेयरवर सुई खाचेतून उडू लागली; मग कंपनीने तो सौम्य करून पुन्हा कोरून घेतला आणि पहिल्या तबकड्या ‘आर एल’ या दोन अक्षरांवरून ओळखल्या जाऊ लागल्या. ब्लू नोट या जॅझ लेबलच्या 1966 पर्यंतच्या तबकड्यांवर एक कानासारखी दिसणारी खूण सापडते. ती प्लास्टीलाइट या कारखान्याची, मुळात ‘पी’ हे वळणदार अक्षर. त्याच पट्टीवर बहुधा रूडी व्हॅन गेल्डर यांचा शिक्काही असतो, आणि ज्यांनी ध्वनिमुद्रण केले त्यांनीच ती कोरली हे त्यावरून कळते. हे सारे डिस्कॉग्जच्या नोंदीत मॅट्रिक्स या रकान्यात, दोन्ही बाजूंसाठी वेगवेगळे, अक्षर न् अक्षर उतरवलेले असते. हातातली तबकडी आणि पडद्यावरची ओळ यांचा मेळ बसतो, तेव्हा ती वस्तू कोणत्या कारखान्यातून, कोणाच्या हाताखालून आली हे समजते आणि मग तिच्यातले संगीतही आपण अधिक लक्ष देऊन ऐकतो.

मात्र आवृत्त्यांच्या मागे लागण्यातच सगळा वेळ घालवणाऱ्यांशी मी सहमत नाही. माझ्यासाठी डिस्कॉग्जचे मर्म श्रेयनामावलीत आहे. कव्हरच्या मागे बारीक अक्षरांत छापलेली प्रत्येक व्यक्ती येथे एक स्वतंत्र पान होते, आणि त्या पानावर तिने कुठे कुठे, कोणत्या भूमिकेत काम केले ते सगळे ओळीने लागलेले असते. बास वाजवणारा, कोरस गाणारी, वाद्यवृंद बांधणारा, कव्हरसाठी छायाचित्र काढणारी अशी सगळी माणसे येथे मुख्य कलाकाराच्या सावलीतून बाहेर येतात.

याचे एक उदाहरण सविस्तर देते. 1955 मध्ये अली अकबर खाँ यांची सरोदवादनाची एलपी, म्हणजे दीर्घकाळ वाजणारी तबकडी, एंजल या अमेरिकी लेबलने काढली. व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन यांनी त्यात श्रोत्यांना रागसंगीताची ओळख करून दिली आहे. एलपीचे स्वरूप कोलंबियाने 1948 मध्ये आणले, त्याआधीच्या, मिनिटाला 78 फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटे मिळत. एवढ्या वेळात राग मांडायचा म्हणजे आलापीला कात्री लावण्यावाचून गत्यंतर नव्हते. त्यामुळे मिनिटामागून मिनिटे फुलत जाणारा राग तबकडीवर उतरणे ही मोठी घटना होती. ही रेकॉर्ड आवडली म्हणून कोणतेही साधारण संकेतस्थळ आपल्याला आणखी सरोद ऐकवील. डिस्कॉग्जवर मी मुख्य कलाकार सोडून तबल्याच्या नावावर जाते : चतुरलाल. त्यांच्या पानावरून 1956 ची रविशंकर यांची पहिली एलपी समोर येते, जिच्यात जोग, अहिरभैरव आणि सिंहेंद्रमध्यम असे तीन राग आहेत आणि साथीला पुन्हा चतुरलाल आहेत. दोन तबकड्या लागोपाठ ऐकल्या की सरोदाला साथ करणारा तोच हात सतारीच्या साथीला कुठे थांबतो, कुठे पुढे येतो हे नेमके कानावर पडते, आणि तबला हा साथीचा असूनही संभाषणातला बरोबरीचा भागीदार आहे याची प्रचीती येते.

तिथून वाट आणखी फुटते. सिंहेंद्रमध्यम हा मुळात कर्नाटक संगीतातला मेळ, म्हणजे तिथल्या मूळ रागांपैकी एक. सतारीवर तो ऐकल्यावर दाक्षिणात्य कलाकारांनी तो कसा गायला-वाजवला आहे ते शोधावेसे वाटते आणि संगीताच्या एका परंपरेतून आपण अलगद दुसरीत शिरतो. दुसरीकडे, जोग रागाने त्या तबकडीची एक संपूर्ण बाजू व्यापली आहे, सुमारे 28 मिनिटांची. एका बाजूवर वीस मिनिटांच्या आसपास संगीत ठेवले की खाचांना ऐसपैस जागा मिळते. त्याहून जास्त भरले की खाचा दाटीने कोराव्या लागतात, आवाज लहान ठेवावा लागतो आणि तबकडीवरची धूळ व खरखर त्या मानाने ठळक होते. म्हणून लांब बाजूंच्या अशा रेकॉर्डची प्रत निवडताना पृष्ठभाग स्वच्छ आहे की नाही याला मी कव्हरपेक्षा कितीतरी अधिक महत्त्व देते. एका तबलजीच्या नावावर टिचकी मारल्यापासून इथपर्यंत येता येते, आणि या वाटेवर कोणत्याही यंत्राने माझ्या आवडीचा अंदाज बांधलेला नसतो. तानपुऱ्यावर बसलेल्या शिरीष गोर किंवा प्रद्योत सेन यांच्यासारख्यांची नावेही तिथे टिपलेली सापडतात, याचे मला दर वेळी अप्रूप वाटते.

सूचीच्या रचनेत उणिवा आहेत. एकाच नावाचे दोन कलाकार असले की दुसऱ्याच्या नावापुढे कंसात अंक लावला जातो. अमेरिकेतील निर्वाणा हा गट नुसत्या नावाने ओळखला जातो आणि त्याच्याआधी दोन दशके झालेला त्याच नावाचा ब्रिटिश गट मात्र ‘दोन’ होतो. व्यवस्था म्हणून हे चालून जाते. मला खरोखर खटकते ते वर्गीकरण. तिथे संगीताचे 15 मोठे प्रकार आहेत आणि प्रत्येकाखाली बारीक उपप्रकार आहेत. हिंदुस्तानी आणि कर्नाटक संगीताचे उपप्रकार ‘शास्त्रीय’ या विभागात न ठेवता लोकसंगीत, जागतिक संगीत आणि कंट्री यांच्या एकत्रित विभागात ठेवले आहेत. ज्या संगीताला स्वतःचे शास्त्र, घराणी आणि शतकांचे चिंतन आहे ते ‘शास्त्रीय’च्या दालनाबाहेर उभे करणे चुकीचे आहे, आणि इतक्या काटेकोर सूचीला ते शोभत नाही. याचा व्यावहारिक तोटाही होतो : ‘शास्त्रीय’ निवडून चाळणाऱ्या परदेशी श्रोत्याला खयाल किंवा सरोद कधी भेटतच नाही. शोध घेताना म्हणून मोठ्या प्रकाराकडे दुर्लक्ष करावे आणि थेट उपप्रकार, देश, वर्ष आणि तबकडीचा प्रकार अशा चाळण्या लावाव्यात. उपप्रकारांची विभागणी पुष्कळच बारकाईने केलेली आहे, आणि एखादे छोटे लेबल घेऊन त्याचे सगळे कॅटलॉग क्रमांक ओळीने पाहत जाणे हा तर अनोळखी संगीत सापडण्याचा हमखास मार्ग आहे.

बाजारपेठेबद्दल थोडक्यात. विक्रेते गोल्डमाइन या मासिकाच्या नावाने ओळखली जाणारी प्रतवारी वापरतात. त्यात मिंटपासून (कोरी) पुअरपर्यंत (खराब) पायऱ्या आहेत, आणि तबकडी व कव्हर यांना वेगवेगळी प्रत दिली जाते. ही भाषा सगळीकडे सारखी असल्याने न पाहता खरेदी करण्यातला धोका कमी होतो. तो पूर्ण जात नाही, कारण बहुतेक प्रतवारी डोळ्यांनी केलेली असते. माझ्याकडे ‘व्हीजी प्लस’ (व्हेरी गुड प्लस) म्हणून आलेली एक तबकडी दिसायला आरशासारखी होती, पण सुई टेकवल्यावर जोरकस जागांवर आवाज फाटत होता. जड किंवा झिजलेल्या सुईने पूर्वी वाजवलेली तबकडी अशीच निघते, ओरखडा एकही नसतो आणि खाचेच्या भिंती मात्र घासलेल्या असतात. विक्रेत्याने ती परत घेतली. तेव्हापासून महत्त्वाच्या खरेदीआधी मी विक्रेत्याला दोनच प्रश्न विचारते : तबकडी वाजवून पाहिली आहे का, आणि मॅट्रिक्स पट्टीवर नेमके काय कोरले आहे. दुसऱ्या प्रश्नाला सविस्तर उत्तर देणारा विक्रेता पहिल्यालाही सहसा प्रामाणिक उत्तर देतो. अनधिकृत तबकड्यांची नोंद सूचीत राहते, विक्री मात्र करू दिली जात नाही, हे धोरणही मला योग्य वाटते. इतिहास पुसायचा नाही आणि चोरीला बाजार द्यायचा नाही, या दोन्ही गोष्टी त्याने साधतात.

आता त्या किमतीच्या रकान्याविषयी. प्रत्येक नोंदीत आधीच्या विक्रीतली सर्वांत कमी, मधली आणि सर्वांत जास्त किंमत दिलेली असते. हे तीन आकडे सगळ्या विक्रींचे मिळून असतात. घासून गेलेली प्रत आणि जवळजवळ न वाजलेली प्रत त्यात एकत्र मोडते. जी रेकॉर्ड वर्षाकाठी एखाद-दुसऱ्यांदाच विकली जाते तिची मधली किंमत तर दोन माणसांच्या त्या दिवशीच्या ओढीवर ठरलेली असते. तरीही हा आकडा अधिकृत दर असल्यासारखा उच्चारला जातो. विक्रेते त्यावरून चिठ्ठ्या लावतात, घेणारे त्यावरून घासाघीस करतात, आणि त्याहून वाईट म्हणजे कोणते संगीत ऐकण्यासारखे आहे याचा निकाल लोक त्यावरून लावू लागतात. ज्या तबकड्या लाखोंच्या संख्येने निघाल्या त्या स्वस्त असतात, आणि त्या लाखोंच्या संख्येने निघाल्या कारण त्या लोकांना मनापासून आवडल्या होत्या. पुष्कळ उत्तम संगीत याच स्वस्त तबकड्यांवर आहे. दुर्मीळ असणे आणि चांगले असणे यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. किती जणांकडे आहे आणि किती जणांना हवी आहे हे दोन आकडे मला त्यापेक्षा अधिक बोलके वाटतात. फार थोड्यांकडे असलेली, फार थोड्यांनी मागितलेली, पण जिच्यावर दोन-तीन जणांनी तळमळून अभिप्राय लिहिले आहेत अशी नोंद दिसली की मी ती लगेच जपून ठेवते.

हव्या असलेल्या रेकॉर्डची यादी ठेवण्याची सोय, म्हणजे वाँटलिस्ट, उपयोगी आहे; त्यातली रेकॉर्ड विक्रीला आली की सूचना येते. मात्र या यादीवरच विसंबले तर आपण जे आधीपासून जाणतो तेवढेच आपल्या घरी येते. समोर तबकड्यांची खोकी असताना बोटांनी एकेक कव्हर पुढे सरकवत जाण्यात जे अनपेक्षित गवसते त्याला यादीचा पर्याय नाही. म्हणून खोकी चाळताना मी फोन बाहेर काढत नाही. आधी कव्हर वाचते, मागची नावे वाचते, लेबलचा रंग आणि बांधणी पाहते, तबकडी उजेडात धरते, आणि मनात उत्सुकता निर्माण झालेल्या रेकॉर्ड बाजूला काढते. त्यानंतरच अ‍ॅप उघडते. जुन्या कव्हरांवर बारकोड नसल्याने अ‍ॅपमधल्या बारकोड वाचण्याच्या सोयीचा तिथे उपयोग होत नाही. कण्यावर किंवा लेबलवर छापलेला कॅटलॉग क्रमांक टाकला की नेमकी नोंद सापडते. मग पाहायचे ते एवढेच की यातले दुसरे कोणते नाव मला आधी कुठे भेटले होते. पुष्कळदा एखादा अपरिचित ड्रमवादक आपल्या आवडत्या तीन तबकड्यांवर आधीच वाजवून गेलेला असतो आणि आपण त्याचे नाव कधी वाचलेले नसते. असा दुवा सापडला की ती रेकॉर्ड मी घेते, मग तिची मधली किंमत काहीही असो.

ज्यांनी नुकतीच सुरुवात केली आहे त्यांनी स्वतःच्या संग्रहाची नोंद पहिल्यापासून नीट करावी, आणि करताना मुख्य नोंदीवर न थांबता मॅट्रिक्स जुळवून आपली आवृत्ती निवडावी, असे मी सुचवीन. काम वेळखाऊ आहे, पण त्या निमित्ताने प्रत्येक तबकडी पुन्हा हाताळली जाते, आणि संपूर्ण यादी तक्त्याच्या फाइलच्या रूपात उतरवून घेता येते. या कामात केव्हा ना केव्हा अशी एखादी तबकडी हाती येते जिची नोंदच तिथे नाही. प्रादेशिक भाषांतल्या आणि छोट्या लेबलांच्या रेकॉर्डबाबत हे अजूनही घडते. अशा वेळी ती नोंद आपण करावी. कव्हरच्या दोन्ही बाजूंची आणि दोन्ही लेबलांची स्पष्ट छायाचित्रे, कॅटलॉग क्रमांक आणि मॅट्रिक्सची पट्टी एवढे दिले तरी ती उपयोगी पडते. वर्ष छापलेले नसेल तर अंदाजाने लिहू नये, तो रकाना मोकळा सोडावा. वादकांची नावे मात्र कव्हरवर जशी आहेत तशी, एकही न गाळता लिहावीत, तानपुऱ्यावर बसलेल्याचेही.